बाही का बसत नव्हती

माझी वहिनी चौथीच्या वर्गाला शिकवते. पंधरा वर्षं झाली. यंदा तो वर्ग तिच्या हातून जायची वेळ आली आणि ती वेळ आणली कुणी, तर मी. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत तिलाच दोष देत बसाल. मी शिंपीण आहे. घरापासून चार दुकानं सोडून माझं दुकान. दिवसभर तोंडात टाचण्या धराव्या लागतात, त्यामुळे त्या काढल्या की मी जरा जास्तच बोलते, असं दादाचं मत आहे. दादा म्हणजे माझा भाऊ, वहिनीचा नवरा. त्याला मतं फार, पण बोलणं महिन्यातून दोनदा.

वहिनी तशी साधी बाई. चष्मा केसांत खोचून घरभर चष्मा शोधणारी. गेल्या वर्षीपर्यंत तीही सगळ्यांसारखंच शिकवायची. माहिती लिहायची म्हणजे फळ्यावर दहा वाक्यं, मुलांनी ती उतरवायची आणि घोकायची. ‘मुंगी हा अतिशय मेहनती कीटक आहे. ती आपल्याला शिस्त शिकवते.’ यंदा पहिल्याच आठवड्यात एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, “बाई, मेहनती कशावरून?”

वहिनी म्हणाली, “पुस्तकात आहे.”

“पुस्तकवाल्यांनी पाहिलं होतं का?”

या मुलीला आम्ही घरात प्रश्नपत्रिका म्हणतो. दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा आलेला, आणि तोंडातून उत्तर म्हणून काही बाहेर पडेल तर शपथ. वहिनीच्या डोक्यातून तो प्रश्न जाईना. रविवारी सकाळी बघते तर ही बाई स्वयंपाकघराच्या दाराशी फरशीवर पालथी पडलेली, हनुवटीखाली उशी, समोर मुंग्यांची रांग. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी घेऊन धावले तर म्हणते, “ताई, पाय जरा जपून. ती डावीकडची बघा. पाऊण तास झाला, नुसती उभी आहे. बाकीच्या येतात, तिला हुंगतात, पुढे जातात. ही काय करत असेल?”

“कामचुकार असेल,” मी म्हटलं.

“कशावरून?”

झालं. वर्गात एक कमी होती म्हणून घरात दुसरी.

सोमवारी तिने वर्गात फळा पुसला आणि सांगितलं की इथून पुढे तुमचं तुम्ही लिहायचं, आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात एक खूण करायची. स्वतः पाहिलं असेल तर ‘पा’. कुणाला विचारलं असेल तर ‘वि’. वाचलं असेल तर ‘वा’. आणि जे कळलं नाही, ते प्रश्न म्हणून लिहायचं आणि समोर ‘मा’, म्हणजे माहीत नाही. ‘मा’ आली तर गुण कापायचे नाहीत, ही तिची अट. ‘खूप’, ‘अतिशय’, ‘वगैरे’ या शब्दांना वर्गात बंदी. ‘वगैरे’ लिहिलं की वहिनी विचारायची, “वगैरेमध्ये कोण कोण आहे, नावं सांग.”

पहिले दोन महिने पोरांनी नुसता गोंधळ घातला. एकाने लिहिलं, ‘आमच्या आजी झोपेत घोरत नाहीत (वि)’ आणि खाली, ‘घोरतात (पा)’. पण हळूहळू गाडी रुळावर आली. चौतीस पोरं गावभर पसरली. कुणी केस कापणाऱ्यापाशी, कुणी सायकलचं पंक्चर काढणाऱ्यापाशी, कुणी पोस्टात. कात्रीने केस कापताना मध्ये मध्ये हवेतच कात्री का वाजवतात, हा प्रश्न वर्गात तीन दिवस चालला होता. संध्याकाळी वहिनी वह्या तपासायला बसली की मोठ्याने वाचायची आणि मी कान देऊन ऐकायचे. खरं सांगते, मला त्याची चटकच लागली.

मग प्रश्नपत्रिका माझ्या दुकानात आली.

चार दिवस आली, शाळा सुटल्यावर दोन दोन तास. स्टुलावर बसायची, मांडीवर वही. मीही फुशारले. कापड आधी भिजवतात का, सुई कशी बदलतात, सगळं सांगितलं. शेवटी तिने विचारलं, “मावशी, तुम्ही चुकता का?” मी म्हटलं, “वीस वर्षं झाली हात बसून. माझा कपडा पहिल्या फटक्यात बसतो.”

दोन दिवसांनी वहिनीने तिची वही वाचायला घेतली. सुरुवात झकास होती. ‘कापड शिवण्याआधी भिजवतात, कारण ते आटतं (वि). मी आधी आणि नंतर मोजलं. चार बोटं कमी झालं (पा). मावशी टाचण्या तोंडात धरतात (पा). तेव्हा त्यांना प्रश्न विचारू नये (पा).’ दादासुद्धा हसला. मग पुढे आलं: ‘मावशी म्हणतात त्यांचा कपडा पहिल्या फटक्यात बसतो (वि). चार दिवसांत त्यांनी अकरा वेळा उसवलं (पा). मोठ्या बाईंच्या ड्रेसची बाही तीन वेळा लावली (पा). बाही का बसत नव्हती? (मा)’

माझं डोकंच फिरलं. मोठ्या बाई म्हणजे वहिनीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. त्यांना मी सांगितलं होतं की बाही एकदाच लावली आणि अशी बसली की बस्स. आता ही चार फुटांची कारटी ते वहीत लिहून शाळेत फिरवणार. मी वहिनीला म्हटलं, “ही ओळ काढायला लाव. पोरगी काहीही लिहिते.”

वहिनीने वही खाली ठेवली. “खोटं असेल तर आत्ता काढायला सांगते, ताई. खोटं आहे का?”

“खोटं आहे,” मी म्हटलं.

आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला. ज्याचं काम त्याला विचारावं, हे तिनेच पोरांना शिकवलं होतं ना. दुसऱ्या दिवशी त्या ओळींवर रेघ आली आणि बाजूला वहिनीच्या लाल अक्षरात, ‘ही माहिती खरी नाही. पुन्हा पाहा.’ पोरगी रडली म्हणे. नंतर आठवडाभर तिने वर्गात हात वर केला नाही. वहिनी म्हणाली, “तिला काय झालंय कळत नाही.” मला कळत होतं. मी काज करत बसले.

मग वर्षअखेरची परीक्षा आली. पेपर बाहेरून येतो, तपासायलाही बाहेर जातो. वहिनीने मुलांना सगळं सांगितलं, दोन पेन्सिली घ्या, घाई करू नका, पेपर देण्याआधी वाचून पाहा. एकच गोष्ट सांगायची राहिली, की परीक्षेत समास कोरा ठेवा. प्रश्न होता, ‘तुम्हाला माहीत असलेल्या एका कामाविषयी लिहा.’ पोरं खूश. चौतीसच्या चौतीस जणांनी सवयीने समासात खुणा केल्या.

आठ दिवसांनी तपासणी अधिकारी शाळेत हजर. त्यांनी खुणांचं ते कोडं सोडवलं होतं. पा म्हणजे पान, वि म्हणजे विभाग, वा म्हणजे वाक्य, आणि मा म्हणजे मार्गदर्शक. अख्ख्या वर्गाने मार्गदर्शकातून कॉपी केली आणि कुठलं वाक्य कुठून घेतलं त्याच्या खुणाही करून ठेवल्या, असा त्यांचा हिशेब. वहिनीने घरी हे सांगितलं तेव्हा मला आधी हसूच फुटलं. मग ती म्हणाली, “मुलांचा पेपर रद्द होईल. आणि चौथीचा वर्ग माझ्याकडे राहणार नाही. उद्या खुलासा करायचाय.” माझं हसू तिथंच थांबलं.

मोठ्या बाईंनी तिला मार्ग सुचवला होता. दोन ओळी लिहा, नजरचुकीने झालं, पुन्हा असं होणार नाही. मी म्हटलं, लिहून टाक, तुझं काय जातंय. ती म्हणाली, “पण नजरचुकीने नाही झालं. मी शिकवलं म्हणून झालं.” आणि चौतीस वह्यांचा गठ्ठा घेऊन गेली, की वह्याच बघा, खुणांचा अर्थ त्यातच आहे.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास शाळेचा शिपाई माझ्या दुकानात आला. “तुम्हाला बोलावलंय. जसं असाल तसं या.”

मोठ्या बाईंच्या खोलीत टेबलामागे अधिकारी, बाजूला मोठ्या बाई, त्याच ड्रेसमध्ये. भिंतीपाशी वहिनी उभी, चेहरा उतरलेला, आणि तिच्या शेजारी प्रश्नपत्रिका. अधिकारी माणूस उद्धट नव्हता, उलट अगदी शांत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांच्यापुढे एक वही आणि एक पेपर उघडा होता.

“बाई म्हणतात की ‘पा’ म्हणजे मुलाने स्वतः पाहिलेलं,” ते मला म्हणाले. “बऱ्याच वह्या जुळतात, मला पटतही होतं. पण या मुलीच्या वहीत बाईंनी स्वतः लिहिलंय की ही माहिती खरी नाही. तरी तिने पेपरात तीच वाक्यं लिहिली, पुन्हा ‘पा’ घालून. म्हणजे न पाहिलेल्यालाही ही मुलं ‘पा’ लावतात. मग खुणेचा अर्थ काय उरला? माहिती तुमच्याबद्दल आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो. तुम्ही चार दिवसांत अकरा वेळा उसवलं, हे खोटं ना?”

वहिनी माझ्याकडे बघत होती, निवांत. तिला खात्रीच होती की मी हो म्हणणार, आणि तिचा वर्ग जाणार. तरीही तिला वाचवायला मी खोटं बोलावं, असं तिला वाटत नव्हतं. कसं सांगू तुम्हाला, त्या नजरेने मी मेल्याहून मेले. पोरगी माझ्याकडे बघतच नव्हती. ती स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

“खोटं आहे,” मी म्हटलं. “अकरा नाही. बारा. बारावी वेळ ती घरी गेल्यावर.”

मग मी टाचण्या काढल्यासारखी सुटलेच. म्हटलं, शिवणारी बाई दिवसभरात निम्मा वेळ उसवतेच, साहेब, कुणी सांगत नाही एवढंच. पोरीने मोजलं ते बरोबर मोजलं. खोटं मी बोलले, घरात, वहिनीशी, आणि तिने माझ्या शब्दावर या पोरीला खोडायला लावलं. मोठ्या बाईंचा ड्रेससुद्धा पहिल्या फटक्यात बसलेला नाही.

अधिकाऱ्यांनी पेपरावर बोट ठेवलं. मग अगदी सहज, चौकशी करतात तसं नाही, खरंच जाणून घ्यायचं असावं तसं विचारलं, “मग बाही का बसत नव्हती?”

“मी दोन्ही खांद्यांना एकच माप धरलं म्हणून. यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. पहिल्यांदा लक्षात आलं नाही. दुसऱ्यांदा आलं, तर मी घाईत उजव्याच बाजूला कमी केलं. तिसऱ्यांदा कुठे मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतो त्या गोलात, नीट बसली.”

मोठ्या बाई लाल झाल्या. प्रश्नपत्रिकेने तेव्हा कुठे मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंच्या खांद्यांकडे, आणि म्हणाली, “बाई, मी पाहू का? म्हणजे मला ‘पा’ लिहिता येईल.”

अधिकाऱ्यांनी तोंडावर रुमाल धरला. मोठ्या बाईंनी दोन क्षण विचार केला असेल. मग त्या खुर्चीतून उठल्या आणि खिडकीसमोर ताठ उभ्या राहिल्या. हे त्यांचं मोठेपण, मी मान्य करते. पोरीने डोळा बारीक करून पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

पेपर रद्द झाला नाही. वर्ग वहिनीकडेच राहिला, फक्त परीक्षेत समास कोरा ठेवायचा अशी तंबी मिळाली. मोठ्या बाई मात्र आता दुसरीकडे शिवतात. मला त्याचं वाईट वाटतं.

घरी येताना वहिनी झपाझप पुढे चालत होती. माझ्या दुकानापाशी थांबली आणि म्हणाली, “उद्या वर्गात सगळ्यांसमोर त्या मुलीची माफी मागणार आहे. मी न पाहता तिचं पाहिलेलं खोडलं.”

“चूक माझी होती, वहिनी.”

“तुमची तुम्ही कबूल केलीत. ही माझी आहे.” मग मुंगीकडे बघत होती तसं माझ्याकडे बघून तिने विचारलं, “ताई, रागावले नाहीये, फक्त कळून घ्यायचंय. त्या दिवशी माझ्याशी खोटं का बोललात?”

गिऱ्हाईक जाईल म्हणून, असं मी सांगणार होते. ते खरंही होतं, पण अर्धंच. म्हटलं, “घरात तू सगळ्यांना सांगतेस, आमच्या ताईंचा हात कसा बसलाय बघा. तेवढं एकच कुणीतरी माझ्याबद्दल बोलतं. ते जाईल असं वाटलं.”

तिने माझ्या हातातली दुकानाची किल्ली घेतली, कुलूप उघडलं, आणि स्टूल ओढून माझ्या यंत्राशेजारी बसली. म्हणाली, “तुम्ही उसवा. मला बघायचंय.”