आधी मीटरवर शंका

आप्पा गेल्याची बातमी मला कुणी कळवली नाही. ती मीच सगळ्यांना कळवत होतो. शहाद्याच्या दवाखान्याबाहेर कडुनिंबाखाली उभा राहून एकेका नातेवाइकाला फोन लावत होतो आणि प्रत्येक जण तेच विचारत होता, "अरे, परवा तर बोललो त्यांच्याशी. असं कसं झालं?" मी म्हणायचो, "ऊन लागलं. फार लवकर झालं सगळं." चौथ्या-पाचव्या फोनपर्यंत हे वाक्य इतकं गुळगुळीत झालं की माझा माझ्यावरच विश्वास बसायला लागला. भूगोलाच्या मास्तरला ही खोड असतेच. तीच गोष्ट चार तुकड्यांना सांगितली की ती आपल्याला पाठ होते आणि पाठ झालेलं सगळं खरं वाटतं. पाच आठवड्यांनी लिहायला बसलोय ते त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग दुरुस्त करायला. ऊन लागलं हे खरं आहे. लवकर झालं, हे खरं नाही.

रतिलाल आप्पा माझे चुलतभाऊ, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठे. लोणखेड्यात त्यांची ओळख 'विमानवाला' अशी. तापीकाठी एक धावपट्टी आहे, तिथल्या वैमानिक शिकवणाऱ्या शाळेत ते इंजिनं दुरुस्त करायचे. दोन माणसं बसतील एवढीशी विमानं, पुढे चार सिलिंडरचं इंजिन, तेही समोरून येणाऱ्या हवेवर थंड राहणारं. आप्पांची सही झाल्याशिवाय त्यातलं एकही जमीन सोडायचं नाही. पण हे आमच्या भाऊबंदांना कोण समजावणार. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत आमच्या एका काकांनी त्यांच्या नावापुढे चक्क 'पायलट' छापून घेतलं होतं. मग आप्पा मांडवभर प्रत्येकाला सांगत फिरले, "मी उडावस नही रे भो. ते खाले उनं का मी उघाडीसन देखस." विमान खाली उतरलं की उघडून बघणारा माणूस, एवढंच त्यांना सांगायचं होतं. लोकांना वाटलं, माणूस किती नम्र.

गावातलं गरम होणारं प्रत्येक यंत्र त्यांच्या ओट्यावर यायचं. ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर, पिठाची चक्की. मीही एकदा माझी स्कूटर घेऊन गेलो. म्हटलं, इंजिन तापतंय, बघा जरा. त्यांनी गाडीला हात लावला नाही. मलाच प्रश्न विचारत बसले. कधी तापते, सकाळी की दुपारी? चढावर की सपाटीला? थांबवल्यावर किती वेळानं निवते? मी वैतागून म्हणालो, "आप्पा, इंजिन तिकडे आहे." ते म्हणाले, "चालव बरं, मी मांगे बठस." शंभर पावलं गेलो असू. मागून आवाज आला, "मास्तर, तुन्हा पाय ब्रेकवर शे. तू ब्रेक दाबीसन गाडी चालावस आनि इंजिनले नावं ठेवस." मी कॉलेजात पोरांना वाऱ्याच्या दिशा शिकवतो आणि माझा स्वतःचा पाय कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी पुढे प्रत्येक लग्नात, माझ्या विद्यार्थ्यांसमोरसुद्धा सांगितली.

एकदा मे महिन्याच्या सुटीत मी दोन दिवस त्यांच्याबरोबर हँगरमध्ये होतो. तेव्हा जे पाहिलं त्याच्यावर मी आयुष्यभर भाव खाल्ला. एका विमानाचं तीन नंबरचं सिलिंडर चढताना तापत होतं. काटा लाल रेषेला टेकत होता. नाक खाली करून विमान सपाट उडवलं की वेग वाढून हवा जास्त लागायची आणि काटा निमूट मागे यायचा. शाळेच्या साहेबांना ते दुसऱ्या सकाळी हवं होतं. आप्पा म्हणाले, "इंजिन तपालं का काटा खोटा बोली ऱ्हायना, ते पहिले देखू. पहिले मीटरवर शंका, मंग इंजिनवर." त्यांनी तीन नंबर सिलिंडरचा तापमान मोजणारा सेन्सर काढून एक नंबरला लावला आणि एकचा तीनला. मला समजावलं की आता ताप जर सेन्सरबरोबर एक नंबरला गेला, तर सेन्सर खोटा. तीन नंबरलाच राहिला, तर सिलिंडर खरंच तापतंय. विमान वर जाऊन आलं. ताप तीन नंबरलाच होता. इतकी साधी, इतकी चोख युक्ती मी माझ्या विषयात कधी पाहिली नव्हती.

मग प्लग बदलला, उड्डाण. फरक नाही. मग पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय का ते तपासलं, उड्डाण. फरक नाही. मी म्हटलं, सगळं एकदम बदलून टाका ना, वेळ वाचेल. आप्पांनी माझ्याकडे नापास पोराकडे पाहावं तसं पाहिलं. "एका टायमाले एकच बदल. बदल, थांब, देख, लिख. नही तं कशानी बरं व्हयनं ते कोनले समजी?" संध्याकाळ झाली, साहेब दोनदा येऊन घड्याळ बघून गेले, आप्पांनी सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनावरचं झाकण काढून उलटं ठेवलं आणि त्याच्या आतल्या बाजूवर बोट फिरवत बसले. समोरून आलेली हवा इंजिनाच्या वर कोंडून सिलिंडरवरच्या धातूच्या पात्यांमधूनच खाली जावी म्हणून सभोवार पातळ पत्रे असतात आणि त्यांच्या कडेला रबराची पट्टी. पट्टी झाकणाला घासते तिथे आत काळी रेघ उमटते. तीन नंबरच्या डोक्यावर चार बोटं रेघच नव्हती. तेवढ्या जागेत पट्टी उलटी मुडपली होती आणि हवा सिलिंडरला न भेटता परस्पर पळून जात होती. बिघाड असा काही नव्हताच. झाकण बसवताना पट्टी दुमडली, एवढंच. साहेबांनी विचारलं, "गेल्या वेळी झाकण कुणी बसवलं होतं?" आप्पा म्हणाले, "मीच." आणि त्यांनी ते विमानाच्या वहीत लिहिलं. आपल्या चुकीनं पट्टी दुमडली, असं स्वतःच्या नावानिशी. मी येताना म्हटलं, "'पट्टी दुमडलेली आढळली' एवढं लिहून भागलं असतं." ते म्हणाले, "भागतं ना. पन मंग पुढला मानूस पट्टीवर नजर ठेवता, मन्हावर नही."

त्यानंतर मी स्वतःला त्यांचा शिष्य समजायला लागलो. घरात मिक्सर बंद पडला तरी मी आधी बटणावर शंका घ्यायचो. बायकोनं हात जोडले. पण आप्पांना हे आवडायचं. आमच्या दोघांत ती एक भाषाच झाली होती. जेवण जास्त झालं की ते म्हणायचे, "मास्तर, आज टेक-ऑफ जड जाई." पंगतीत वाढपी उशिरा आला की "पेट्रोल कमी येऊ ऱ्हायनं." निवृत्त झाल्यावर तर हे फारच वाढलं. त्यांचं बोलणं थट्टेचं आहे की खरं, हे ओळखायचं आम्ही कधीच सोडून दिलं होतं...

त्या दिवशी इंदूवहिनी अक्कलकुव्याला भाच्याच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. निघताना मला म्हणाल्या, "भाऊ, यास्नाकडे ध्यान ठेवा, ऊनमा जातीन." मी म्हटलं, काळजीच सोडा. आणि मी कॉलेजात पेपर तपासत बसलो. आप्पा दुपारी कुणाच्या तरी केळीच्या मळ्यात मोटर बघायला गेले, दोन तास उन्हात बसले आणि चालत घरी आले. मी त्यांच्याकडे पोचलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. वीज सकाळपासून नव्हती. आप्पा खाटेवर पडले होते. चेहरा लाल, अंग कोरडं. घामाचा थेंब नाही. मला वाटलं, बरं आहे, घाम नाही म्हणजे फार उकडत नसेल. खानदेशच्या उन्हावर मी दरवर्षी वर्गात पूर्ण तास बोलतो, उष्माघातात घाम थांबतो हेही त्यात असतं.

घरातलं थर्मामीटर लावलं. एकशे चार पॉइंट सहा. मी त्यांना दाखवलं. आप्पा हसले, म्हणाले, "खोटं बोली ऱ्हायनं." मग मी काय केलं असेल? स्कूटर काढली, माझ्या घरी गेलो, आमचं थर्मामीटर घेऊन आलो. तीन चाळीस झाले होते. त्यांचं मी माझ्या तोंडात धरलं, माझं त्यांच्या. एकचा सेन्सर तीनला, तीनचा एकला. माझ्या तोंडातलं त्यांचं मीटर अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. त्यांच्या तोंडातलं माझं मीटर एकशे पाच. ताप सिलिंडरलाच होता. युक्ती चोख जमली म्हणून मला क्षणभर आनंद झाला, हे मी लपवणार नाही. असं वाटलं, आप्पा बरे झाले की हे लग्नांतून सांगतील.

तेव्हा तरी त्यांना उचलून दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण मी शिष्य ना. एका टायमाले एकच बदल. आधी लिंबू-सरबत दिलं. ते दोन घोट प्याले, बाकीचं सांडलं. दहा मिनिटं थांबलो, ताप पाहिला, लिहिला. मग डोक्यावर ओली पट्टी. दहा मिनिटं थांबलो, पाहिला, लिहिला. पेपरांच्या गठ्ठ्यावरच्या कोऱ्या कागदावर माझ्या सुवाच्य अक्षरात वेळ आणि आकडा, वेळ आणि आकडा. दरम्यान आप्पा डोळे मिटून म्हणाले, "मास्तर, नाक खाले कर. स्पीड कमी शे." मी हसलो. मी म्हटलं, "केलं आप्पा, नाक खाली केलं." ते पुन्हा म्हणाले, "नाक खाले कर रे, तपी ऱ्हायनं." मी पुन्हा हसलो... तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तू कोन?" तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. ती थट्टा नव्हती. कदाचित आधीच्या दोन्हीही नव्हत्या.

शेजारच्यांच्या गाडीतून निघालो. शहादा जवळच, पण पोचेपर्यंत आप्पा बोलेनासे झाले होते. डॉक्टरांनी बर्फ लावला, सलाइन लावलं, सगळी धावपळ झाली. मध्येच त्यांनी मला विचारलं, "असे कधीपासून आहेत?" मी म्हणालो, "झाली असतील पंधरा-वीस मिनिटं." हे वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. खिशात कागद होता. त्यावर सगळ्या वेळा होत्या. आप्पा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. मी नंतर डॉक्टरांना गाठून खरी वेळ सांगितली आणि विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, "सांगता येत नाही हो. वय होतं, दोन तास ऊन घेतलं होतं." सांगता येत नाही. तिथे बदलून, थांबून, पाहायला काही उरलेलं नव्हतं.

वहिनींना मी तेच सांगितलं होतं जे सगळ्यांना सांगितलं. लवकर झालं. तेराव्याला सांगू म्हटलं, घर माणसांनी भरलेलं होतं. मग त्यांची लेक सुरतेला परत गेली की सांगू म्हटलं. ती गेली. मग मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन, चहा पिऊन, पावसाचा अंदाज सांगून परत येऊ लागलो. शेवटी हे लिहायला घेतलं आणि तिसऱ्या परिच्छेदात कळलं की आधी त्यांना सांगितल्याशिवाय हे कागदावर ठेवायचा मला हक्क नाही. गेल्या रविवारी दुपारी गेलो. वहिनी शेंगा फोडत होत्या. मी पेपर तपासायला बसलो होतो इथपासून सुरुवात केली आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो हातात घेतला नाही. शेंगा फोडत म्हणाल्या, "माले माहीत शे, भाऊ."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही स्कूटरवर घर गया, मंग परत उनात. शेजारनीनी दुसराच दिनले सांगं माले. गाडी तिन्हाच दारमा उभी व्हती. तुम्ही मांगी कव्हय, तेबी तिनी सांगं."

गाडी मी किती उशिरा मागितली, हेही त्यांना माहीत होतं. मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कव्हय सांगतस, वाट देखत व्हतू."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रडल्या असत्या तर मीही रडलो असतो. माफ केलं म्हणाल्या असत्या तर... पण तसलं काही त्या बोलल्या नाहीत. मी म्हटलं, वर्तमानपत्राच्या पुरवणीला लेख द्यायचाय, तुमची हरकत असेल तर नाही देत. त्यांनी टरफलं पदरात गोळा केली आणि म्हणाल्या, "द्या. पन टाइम बरोबर लिखा." वरचे सगळे टाइम बरोबर आहेत, वहिनी. कागदावरून उतरवले आहेत.

त्यांचं बोलून होतंय तेवढ्यात गेलेली वीज आली आणि खिडकीतला कूलर घरघरत सुरू झाला. मी भिंतीला टेकून बसलो होतो, वारा कुठेच लागेना. वहिनी म्हणाल्या, "तठे नही लागाव. त्यास्नी सगळीकडथीन बंद करेल शे." मी नीट पाहिलं. कूलरभोवतीच्या एकूण एक फटीला सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बसवलेली, वर पत्रा वाकवून लावलेला, आणि सगळी हवा खोलीतल्या एकाच जागी जाईल अशी वळवलेली. ती जागा म्हणजे त्यांची खाट. खाटेवर धुतलेली चादर घातलेली होती, तिच्यावर कुणी बसल्याची एकही सुरकुती नव्हती.

"बठा तठे," वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, राहू द्या, इथेच बरा आहे. त्यांनी वर पाहिलं. "भाऊ, घामनी भिजी गयात तुम्ही. बठा."

मी उठून खाटेवर बसलो. गार हवा थेट छातीवर आली आणि माझ्या अंगावरचा घाम हळूहळू वाळत गेला.