जावईबापूंचा मिटलेला डोळा

आमच्या ऑफिसात वेबसाइटी सजवणारा एक गृहस्थ आहे. त्याला सगळे पोकळी म्हणतात. पानावर काही लिहिलेलं दिसलं की त्याला ते पुसावंसं वाटतं. मोकळ्या जागेचं त्याला एवढं वेड, की त्याच्या टेबलावर साधं पेनसुद्धा नसतं. लागलं की तो शेजारच्याचं उचलतो. लोकांना अर्थ शोधू द्यावा, असं त्याचं तत्त्वज्ञान. लोक अर्थ शोधायला नव्हे, दवाखाना किती वाजता उघडतो ते शोधायला येतात, हे त्याला सांगून आमच्या जिभा झिजल्या. त्यावर तो फक्त हसे. पट्टीचा पोहणारा काठावर पाय बुडवून बसलेल्यांकडे बघून हसतो, तसा.

असल्या माणसाच्या हाती डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट पडली. म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच. त्याने पांढऱ्या पानावर फिकट राखाडी अक्षरं टाकली, मुंगीला चष्मा लागेल एवढी बारीक. तपासणीची तारीख घ्यायच्या बटणाला ‘बटण’ म्हणणं त्याला गावंढळ वाटे. तिथे त्याने पापणी मिटलेल्या डोळ्याचं एक नाजूक चित्र काढलं, तेही पान बरंच खाली सरकवल्यावर हळूच उमटणारं. चाचणी केलीस का, असं विचारल्यावर तो दुखावला. केली होती ना. ऑफिसातली घारीच्या नजरेची तीन पोरं बसवून, मागे उभा राहून, “हं, खाली… अजून खाली… आता तिथे दाब,” असं सांगत केली होती. सगळ्यांना सहज जमलं, असं त्याने अहवालात लिहिलं. मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला दिलेल्या पोराला गाडी येते म्हणण्यातलाच हा प्रकार.

या माणसाला जगात एकच भक्त होता, तो म्हणजे त्याचे सासरे. हयातभर त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. शिकाऊ मंडळींना त्यांनी घातलेल्या शिव्या अजून त्या गल्लीत घुमत असतील. पण जावयापुढे त्यांच्या तोंडातून साखरेशिवाय काही पडत नसे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालले होते. चहा कपाऐवजी बशीत ओतला जायचा, शेजाऱ्याऐवजी शेजाऱ्याच्या खांबाला रामराम व्हायचा. ऑपरेशनआधीच्या तपासणीची तारीख फोनवर घ्या, असं लेक कानीकपाळी ओरडत होती. पण जावयाची वेबसाइट असताना फोन कसला करायचा, चारचौघांत काय तोंड दाखवायचं, असा त्यांचा हट्ट. रोज सकाळी ते कॉम्प्युटरसमोर बसत, पांढऱ्या पानाकडे बघत आणि उठत. जावयाने विचारलं की म्हणत, आज नेट जरा मंद होतं. नेट महिनाभर मंद होतं.

इकडे दवाखान्यात वेबसाइट आल्यापासून फोन कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाले. रिसेप्शनच्या बाईंचा कान लाल व्हायची वेळ आली. शेवटी त्यांनी पोकळीला बोलावून बजावलं, की एक खरा पेशंट आणा, माझ्यासमोर त्याला तारीख घेऊ द्या, नाहीतर हे तुमचं धुकं मी काढून टाकायला सांगते. पोकळीने खात्रीचा पेशंट म्हणून सासऱ्यांनाच आणलं. मलाही नेलं, विजयाला साक्षीदार हवा म्हणून.

सासरे खुर्चीत ताठ बसले. पोकळीने छाती पुढे काढून विचारलं, “काय बाबा, कसं वाटतंय?”

“फार सुरेख, जावईबापू,” सासरे म्हणाले. “डोळ्यांना अगदी थंड वाटतं.”

पोकळीने बाईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं. बाई स्क्रीनकडे बघत होत्या. स्क्रीन काळा होता. कॉम्प्युटर केव्हाच झोपी गेला होता.

पोकळीचा चेहरा असा पडला की उचलायला दोन माणसं लागली असती. बाईंनी त्याला सरळ दंडाला धरून खोलीच्या मधल्या लाकडी फळीच्या आडोशाला नेलं, स्टुलावर बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी फळीच्या कडेशी उभा राहिलो. मग बाई कॉम्प्युटर जागा करून, पान त्या डोळ्याच्या चित्रापर्यंत सरकवून सासऱ्यांना म्हणाल्या, “आजोबा, हे तुमच्या जावयाचं नाही हं. दुसऱ्या एका कंपनीने पाठवलंय. आम्हाला पसंत नाही. तुम्ही मोकळेपणाने सांगा.”

सासऱ्यांनी आजूबाजूला अंदाज घेतला. जावई दिसत नव्हता. त्यांना तसं फारसं काहीच दिसत नव्हतं. मग महिनाभर तुंबलेलं धरण फुटलं.

“कुठल्या गाढवाचं काम आहे हे? अहो, ब्रेक सीटखाली लपवायचा आणि वर शिकणाऱ्यालाच हसायचं! हे काय, डोळा मिटलेला? म्हणजे दवाखाना बंद ना? मग मी दाबू कशाला? असला पोरगा माझ्या गाडीत असता ना, तर पहिल्या चौकात उतरवून पायी घरी पाठवला असता!”

फळीमागे पोकळीने तोंड उघडलं. मला वाटलं, आता “खाली, अजून खाली” सुरू होणार. पण बाईंनी फळीवरून डोकावून पुन्हा ओठांवर बोट ठेवलं. तो गप्प बसला. इतक्या वर्षांत त्याने केलेलं हे पहिलं उपयोगी काम.

पुढच्या आठवड्यात पान पालटलं. काळी, ठसठशीत अक्षरं आली, आणि पान उघडताच वरच्या बाजूला विटेएवढं बटण: ‘तपासणीची तारीख घ्या’. अर्थात हे बदल आपल्याला आधीपासून सुचले होते, असं पोकळी आता सांगतो. चाचणीच्या वेळी शांत कसं बसावं, यावर नव्या मुलांना तासभर न थांबता व्याख्यानही देतो. शेजारच्याचं पेन मात्र अजून उचलतो.

सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने तारीख घेतली आणि लगेच जावयाला फोन केला. पोकळी तेव्हा माझ्याशेजारीच होता, आणि सासऱ्यांना हळू बोलता येत नाही.

“जावईबापू, तुमचीच वेबसाइट ती! त्या दिवशी त्या बाईंनी कुणा गाढवाचं काहीतरी दाखवलं होतं हो मला. तुमच्या कामाची सर त्याला कुठली?”

पोकळीने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं.

“खरंय, बाबा,” तो म्हणाला. “गाढवच होता तो.”