हाकेला आलेली ओ

त्या दिवसांत माझा देवीवर राग होता, आणि तो मी लपवणार नाही. माणसांवर तर होताच.

आमचं घर कन्नड मुलुखातल्या येलहंक्याचं. किती पिढ्या झाल्या हे सांगायला आता कोणी उरलं नाही, आणि महाराष्ट्रात आमचं लांबचंही नातं नाही. तरी दुकानात कुणीतरी विचारतंच, "तुम्ही इथं केव्हा आलात?" आणि पुण्याहून नोकरीला आलेली मंडळी माझं मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात. इकडे पाहुणी, तिकडे परकी. जावं तरी कुठे माणसानं?

घट बसले की आमच्याकडे संध्याकाळी ओव्या होतात. घरच्या बाईनं नवी ओवी रचून मराठीत म्हणायची आणि शेजारच्या कन्नड बायकांनी प्रत्येक ओळीला "बा तायी, बा", म्हणजे ये आई ये, अशी ओ द्यायची. सासूबाईंनी ही रीत त्यांच्या सासूकडून घेतली, मी त्यांच्याकडून.

यंदा त्या पुण्याहून आलेल्या मंडळींनी नवरात्राच्या कार्यक्रमात ओवी म्हणायला बोलावलं. मी लिहून पाठवली. चिटणीस मुलीचा फोन आला, "काकू, फील खूप छान आहे हो. फक्त ते कन्नड काढलं की एकदम क्लीन होईल. 'ये माते, ये' करू या?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या शेजारणींच्या तोंडची ओळ, आणि ही ती डागासारखी धुवायला निघालेली. पण खरी लाज पुढेच आहे. स्टेजवर आपलं नाव पुकारलं जाईल या हावेपायी मी "सरी" म्हणून होकार दिला. स्वतःच्या हातानं ती ओळ खोडली. मग देव्हाऱ्यासमोर जाऊन देवीवरच डाफरले की, जिभेवर तू बसतेस म्हणतात, मग तेव्हा कुठे होतीस?

दोन दिवसांनी बेळ्ळंदूरला लेकीकडे जेवून आम्ही दोघं ऑटोनं परतत होतो. मारतहळ्ळीच्या पुलाअलीकडे गाड्या ठप्प झाल्या. हे म्हणाले, "स्वल्प छातीत दुखतंय," आणि माझ्या खांद्यावर कलंडले. अंग घामानं थबथबलेलं. दवाखाना पुलापलीकडेच होता, पण चाक हलेना. मी ओवी म्हणायला लागले. तोंडात ती सुधारलेलीच आली, आणि "ये माते" पाशी अडखळले. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नुसती पहिली ओळ म्हटली:

"उंबऱ्याशी दिवा, डोळा लागला वाटेला"

खोडलेली ओळ कुठल्या तोंडानं म्हणू?

पुढून, मान न वळवता, पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर म्हणाला, "बा तायी, बा."

तो म्हणाला, "निल्लिसबेडि अम्मा, हेळि." थांबू नका, म्हणत राहा.

"घर तुझे आहे, नको थांबू गं फाट्याला," मी म्हटलं. त्यानं ओ दिली. मी म्हणत राहिले, तो ओ देत राहिला. मध्येच उतरून त्यानं पुढच्या गाड्यांच्या काचांवर थापा मारल्या, एकेकाला हात जोडले, जरा वाट झाली तशी ऑटो कडेच्या रस्त्यावर घातली. दवाखान्याच्या दारात यांना स्ट्रेचरवर घेतलं. मी वळून पाहिलं तर रखवालदारानं ऑटो केव्हाच पुढे काढायला लावली होती. नाव विचारायचं राहून गेलं.

हे वाचले. आता बिनमिठाच्या जेवणावर कुरकुर करतात, आणि ती कुरकुर मला गोड लागते.

कुणी म्हणेल, कन्नड माणूस देवीचं ऐकून तेच म्हणणार, त्यात नवल काय? मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं, की मी खोडलेलीच ओळ देवीनं मला परत पाठवली. हाक मारणं आपल्या हातात. ओ कुठल्या भाषेत यावी हे मागणाऱ्यानं ठरवायचं नसतं.

दवाखान्यातूनच त्या मुलीला फोन केला. म्हटलं, "बाळा, ती ओळ माझी नाहीच, ओ देणाऱ्याची आहे. ती काढायचा हक्क मला नाही." ती म्हणाली, ओव्यांचे कागद छापून झालेत. म्हटलं, मग मला वगळ. राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण आता तो देवीवर नाही.

घट बसले. पहिल्या संध्याकाळी मी ओळ म्हटली, शेजारणींनी ओ दिली. आमच्याकडे पुरुष ओव्यांना बसत नाहीत. तरी त्या बायकांच्या आवाजांत, आतल्या खोलीतून, यांचा दमलेला आवाज मिसळला, "बा तायी, बा."