साडूंचं उपाशी शहर

आमच्या साडूंइतका पुस्तकाशी प्रामाणिक माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. आणि त्यांनी उभ्या आयुष्यात पुस्तक वाचलंय एकच. तेही निवृत्तीनंतर. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून सुटल्यावर माणसं बागकाम करतात, गुडघ्यांना तेल चोळतात. साडूंनी लेकीच्या कपाटातून एक जाडजूड कादंबरी काढली आणि नंदनवनच्या घरात तिच्यावर पिक्चर काढायचं ठरवलं. कॉलेजातली पोरं जिच्यावर जीव टाकतात तीच ती कादंबरी: भिंतीआडचं उपाशी शहर, माणसांना अर्ध्या पावावर राबवणारा हुकूमशहा, आणि त्या शहरातून रिकाम्या हातांनी निघून जाणारी मुलगी. लेकीला ती शाळेपासून तोंडपाठ. जून लागला की लेक बेंगळुरूला नोकरीवर जाणार होती, आणि तोवरचे दिवस ती खोलीचं दार लावून मोबाईलमध्ये घालवणार, हे साडूंना दिसत होतं. नायिका व्हायला ती तयार झाली, पण अट घालून.

"बाबा, पुस्तकातलं काही बदललं तर मी तिथंच काम सोडीन."

"कॉमा बी नाही बदलणार," साडू म्हणाले.

मी लेखिकेच्या परवानगीचा मुद्दा काढला. "घरच्या सोफ्यावर बसून पाहाले कोणाची परवानगी लागते गा?" म्हणून त्यांनी तो निकालात काढला.

पिक्चरही साडूंनी वीज केंद्रासारखाच चालवला. शिफ्ट लावल्या. कॅमेरा म्हणजे माझा फोन, कारण तो घरात सगळ्यांत नवा. दृश्य संपलं की दिग्दर्शक 'कट' म्हणतात म्हणे, साडू गच्चीवरून गरजायचे, "शटडाऊन!" शेजारची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. सेटचा खर्च मात्र शून्य. मे महिन्यात दुपारी नागपूरच्या रस्त्यावर फोन धरला की जग बुडाल्यानंतरचं शहर आयतं मिळतं, आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवरून जाणारी प्रत्येक पोरगी बंडखोर दिसते.

हुकूमशहाचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, माझ्या आवाजात जरब असेल. साडू म्हणाले, "त्या शहरात खाल्लेला माणूस एकच दिसला पाहिजे. आपल्या घरात तुमच्याइतका खाल्लेला कोण हाय, भाऊ?"

पाववाटपाच्या दिवशी घात झाला. भुकेलेली जनता म्हणून लेकीच्या मैत्रिणी आणि शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. त्या येताच माझ्या मोठ्या मेहुणीने सगळ्यांना पाटवडी-रस्सा आणि वर भात वाढला. साडू कपाळावर हात मारून म्हणाले, "अवं, उपाशी जनता हाय ते!"

"उन्हातून आलेल्या पोरींले उपाशी काहून ठेवू? तुमच्या पुस्तकात माणुसकी नसन, माह्या घरात हाय," मेहुणी म्हणाली.

जनता पेंगायला लागली. एका बंडखोर बाईने घोषणेच्या ऐन मध्यात ढेकर दिला. तेही निभलं असतं. पण मग रांगेतून लेक पुढे आली. मी तिच्या हातावर अर्धा पाव ठेवून म्हणायचं होतं, 'दुसरा मागेल त्याला भिंतीबाहेर फेकीन.' पोरीने त्या अर्ध्या पावाकडे असं काही पाहिलं, की आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या केलेला आग्रह माझ्या तोंडून निसटला. "घे ना वं बाई, अजून एक घे. लाजू नको."

"शटडाऊन!"

"मावसाजी," लेक म्हणाली, "तुम्ही हुकूमशहा आहात की पंगतीतले वाढपी?"

साडू मला कोपऱ्यात घेऊन गेले. "पुस्तकात हाय का 'अजून एक घे'? पोरगी काम सोडून देईन ना भाऊ! मंग मी काय करू?" नंतरही माझं दोनदा तसंच झालं. शेवटी टोपलीत एकच तुकडा ठेवला, तेव्हा कुठे मी क्रूर झालो.

राहिलं शेवटचं दृश्य. द्वारपाल फाटक उघडतो, मुलगी रिकाम्या हातांनी निघते, मागे वळून पाहत नाही, फाटक बंद होतं. द्वारपाल स्वतः साडू. हे दृश्य ते रोज पुढे ढकलत होते. म्हणे उजेड बरोबर नाही. मे महिन्यातल्या नागपुरात उजेड कमी पडतो, असं म्हणणारा माणूस मी हा एकच पाहिला.

ते घेतलं लेक बेंगळुरूला निघाली त्याच सकाळी. सामान आधीच ऑटोत ठेवलं, म्हणजे हात रिकामे. मी फोन धरला. साडूंनी फाटक उघडलं. लेक दोन पावलं पुढे गेली, आणि द्वारपालाने खांबामागून एक स्टीलचा डबा काढला.

"घेऊन जाय वं. गाडीतलं जेवण तुले जात नाही."

आता ही 'पुस्तकात डबा नाही' म्हणणार, असं मला वाटलं. तिने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि डबा छातीशी धरून चालू लागली. ऑटोत बसताना ती मागे वळली. पुस्तकात ती वळत नाही.

ऑटो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला. साडूंचा हात फाटकाच्या कडीवर होता. मी शटडाऊनची वाट पाहत उभा राहिलो. फोनच्या पडद्यावर उघडं फाटक आणि रिकामा रस्ता, दुसरं काही नाही.

"बंद करू का?" शेवटी मीच विचारलं.

"राहू द्या गा, भाऊ," साडू रस्त्याकडे पाहत म्हणाले, "थोडा वेळ चालू राहू द्या."