टाकीतलं तीर्थ

आमच्या ह्यांचं पहिलं प्रेम म्हणजे पिकअपचा पंप. माझा नंबर दुसरा, आणि तोही गाडी उभी असेल तेव्हा. टाकीतलं डिझेल ओढून दाबानं इंजिनाला देणारा हा पंप मी कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण त्याचं पथ्य मला बाळंतिणीच्या पथ्यासारखं पाठ आहे. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. पेट्रोल पंपावर टँकर रिकामा होत असेल तर तिथं डिझेल भरायचं नाही, कारण तळाचा गाळ ढवळून वर येतो. दर रविवारी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढायचं आणि तळाशी पाणी बसतंय का ते बघायचं. ती बाटली हे उजेडात धरून इतकी निरखतात, की मी एकदा म्हटलं, "माझ्याकडं असं कधी बघितलं नाय तुम्ही." तर म्हणतात, "तू कुठं अशी मधीच बंद पडती?"

चेष्टा करते, पण कारण मलाही माहीत आहे. जुन्या गाड्यांचे पंप दणकट असायचे, रॉकेल पाजलं तरी कुरकुरत चालायचे. नव्या गाडीचा पंप नाजूक. डिझेल हेच त्याचं वंगण. त्यात पाणी शिरलं की तो आतून घासतो, त्याचा चुरा पुढं इंजेक्टरपर्यंत जातो आणि मग सगळंच बदलावं लागतं. ह्यांच्या एका मित्राची गाडी अशीच वाळूजला गॅरेजच्या शेडमध्ये उभी राहिली, ती शेवटी भंगारात गेली. तो आता दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. आमचं घर तर ह्या एका पिकअपवर चालतं. पिशोरकडची अद्रक भरायची, घाटातून शहराच्या बाजारात आणायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सासूबाईंना ह्यातलं काही कळत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हे गाडी धूत होते आणि त्या ओट्यावर बसून झेंडूचे हार ओवत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "हिच्यात डिझेल कुठून घालतो रे?" आईनं गाडीबद्दल काही विचारलं, ह्याचाच ह्यांना एवढा आनंद झाला की लगेच झाकण उघडून दाखवलं. वर शिकवलंही, "माय, हितून आत चांगलं तेच गेलं पायजे. मग गाडी रस्त्यात दगा देत नाय." "व्हय, चांगलंच गेलं पायजे," म्हणाल्या, आणि पुन्हा हार ओवायला लागल्या.

दसऱ्याला सकाळी गल्लीतली सगळी मंडळी पूजेला जमली. हार झाले, हळदीकुंकू झालं, चाकांखाली लिंबं ठेवली. पूजा झाली की गाडी सुरू करायची आणि लिंबं चिरडत पुढं न्यायची, असा रिवाज. मी आरतीचं ताट ठेवायला वळले, तर पलीकडच्या बाजूला सासूबाई टाकीचं झाकण फिरवून बसवत होत्या. दुसऱ्या हातात तांब्याचा गडू होता. त्यात त्यांनी श्रावणात वेरूळहून आणलेलं तीर्थ होतं, आणि गडूच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं.

हे तोवर गाडीत चढले होते. हात चावीवर.

"चावी फिरवू नका!" मी अशी किंचाळले की शेजारणीच्या हातातला प्रसाद सांडला.

हे खाली उतरले. मी कानात सांगितलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पाण्याच्या एका थेंबावरून पेट्रोल पंपवाल्याच्या सात पिढ्या काढणारा माणूस! आणि सासूबाई समाधानानं गडू धरून उभ्या, सगळी गल्ली बघतेय. आता चारचौघांत त्या म्हातारीची शोभा होणार, ह्याचीच मला धास्ती.

हे गल्लीकडं वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "बॅटरी उतरलीय. या सगळे, लावा धक्का!"

"बॅटरीला पण सुट्टी दिली का दसऱ्याची?" कुणीतरी टोमणा मारला. हसत-खिदळत सगळ्यांनी गाडी ढकलली. पदर खोचून सासूबाईही ढकलायला आल्या. लिंबं चिरडली, रिवाज पार पडला. मला त्या क्षणी आमच्या ह्यांचा इतका अभिमान वाटला, की पंपाचासुद्धा मत्सर वाटला नाही.

मिस्त्रीला फोन केला, तर त्यानंही पान्यांची पूजा मांडलेली. पुजलेली हत्यारं तो दसऱ्याला उचलत नाही. मी तणतणले, "एक पाना उचलला तर देव कोपतो का?" ह्यांनी मलाच गप्प केलं. म्हणाले, "राहू दे. उभ्या गाडीचा पंप खराब होत नाय." चावी मात्र दिवसभर खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीनं टाकी उतरवली, सगळं डिझेल काढलं, टाकी पुसून कोरडी केली, फिल्टर बदलला. टाकीच्या तळाचं ह्यांनी बाटलीत धरलं. वर पिवळसर डिझेल, खाली चांगलं बोटभर पाणी. पण ते पुढं गेलं नव्हतं. पंप वाचला होता. माझ्या जिवात जीव आला.

सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाटलीकडं बघत म्हणाल्या, "हे माझं तीर्थ व्हय?"

ह्यांनी मान डोलावली.

"म्हंजी बॅटरी उतरली नव्हती."

"नाय, माय."

"मग वरडला का नाय माझ्यावर? एरवी तर लई वरडतो."

"तू चांगलं तेच घातलं. मीच सांगितलं व्हतं ना."

त्यांचे डोळे भरून आले. "रोज त्या घाटातून येतो तू. तुलाच द्यायचं व्हतं रे. पण तू सकाळी थांबतो कुठं? चावी उचलली की गेला. गाडी तरी घडीभर उभी असती, म्हून तिला दिलं."

ह्यांनी बाटली खाली ठेवली. "हाय का अजून?"

त्या लगबगीनं आत गेल्या आणि गडू घेऊन आल्या. तळाला थोडं उरलं होतं. ह्यांनी डिझेलनं माखलेला उजवा हात तसाच पुढं केला. आधी हात धुवा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ह्यांनी तीर्थ घेतलं आणि ओला तळवा डोक्यावरून फिरवला.

"गिळलं का?" सासूबाईंनी विचारलं.

आणि चाळिशी उलटलेल्या माझ्या नवऱ्यानं, मिस्त्रीसमोर, आईला तोंड उघडून दाखवलं.