दोन मिनिटं चाळीस सेकंद

दर गुरुवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास शेणव्याचा लडकू वेखंडे आमच्या गटावर गिटारवादनाचा एक व्हिडिओ टाकायचा आणि त्याखाली एक ओळ लिहायचा. "१.४८ ला डावा हात बघा. करंगळी उगाच उभी नाय." एवढंच. मग आम्ही बाकीचे दहा जण दिवसभरात सवड होईल तसं ते ऐकत असू.

हा व्हॉट्सअॅप गट मी चार वर्षांपूर्वी सुरू केला. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले गिटार ऐकणारे लोक त्यात आहेत. मी शहापूरला एका पतसंस्थेत लेखापाल आहे, निवृत्तीला चौदा महिने उरलेत. मोघम लिहिलेलं मला चालत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मी नियम केला. "छान", "जरूर ऐका" असं लिहायचं नाही. सुचवणाऱ्यानं आणि ऐकणाऱ्यानंही आवडलेली जागा मिनिट आणि सेकंदात लिहायची. कुणी काय सुचवलं, कुणाला कुठली जागा आवडली, याची मी एक वही ठेवली. सुरुवातीला सगळे हसले, पण नियम टिकला. वार वाटून दिले होते. गुरुवार लडकूचा.

लडकू माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान. नववीपर्यंत शिकला आणि एकोणिसाव्या वर्षी मुरबाड रस्त्याच्या खडी क्रशरवर लागला. गिटार त्यानं कल्याणच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून जुनी आणली. तिच्या मानेला तडा होता, तिथं गावच्या लोहाराकडून पत्रा ठोकून घेतला. शिकवायला कुणी नव्हतं. कुठं ऑर्केस्ट्रा असला की हा मंचाच्या डाव्या कोपऱ्यात खाली उभा राहायचा आणि वादकाच्या बोटांवरून नजर काढायचा नाही. तेवढ्यावर शिकला. पुढं अठरा वर्षं तो बेंजो पार्टीत हळदीला वाजवत होता. दिवसा क्रशर आणि संध्याकाळी पाठीला टेकलेला स्पीकर, असं त्याचं आयुष्य होतं. मुरबाडला एका सहकाऱ्याच्या हळदीत मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. लोक नाचत होते, तो मान खाली घालून वाजवत होता. नाच थांबला तरी त्यानं आपला तुकडा पुरा केला आणि मगच पाणी मागितलं.

क्रशर बंद झाल्यावर तो घरचं भात आणि थोडी भाजी बघू लागला. पार्टीत तरुण पोरं आली, त्याला बोलावणं कमी झालं, मग थांबलं. गट तेवढा राहिला. तिथं त्याला मान होता. धसईच्या शाळेतल्या सारिका मॅडमनी एकदा लिहिलं होतं, की लडकूभाऊंनी सांगितलेल्या सेकंदाला मी हातातलं काम खाली ठेवते.

त्याची एक अट मात्र होती. कुणी नुसता आवाज पाठवला की तो लिहायचा, "हात दिसत नाय. हात दिसल्याबिगर मी मत देत नाय." वादकाचा हट्ट, असं आम्ही समजलो. फोनही तो उचलत नसे. त्याची बायको चंदा उचलायची आणि ते शेतावर गेलेत म्हणून सांगायची.

या मे महिन्यात दीपेशनं त्याला अडचणीत आणलं. दीपेशचं किन्हवलीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि गटात सगळ्यांची टिंगल करायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलेलं आहे. त्याची मामेबहीण कुणाली धसईकडच्या एका बेंजो पार्टीत गिटार वाजवते. कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रानं तिला बोलावलं होतं. घरचे जाऊ नको म्हणत होते. तिनं दीपेशला सांगितलं, की लडकूभाऊ काय म्हणतात ते विचार, त्यांनी हो म्हटलं तर मी जाते. दीपेशनं एका हळदीत तिचं वाजवणं फोनवर घेतलं, पण फोन खिशात होता. नुसता आवाज आला. तो त्यानं गटावर टाकला आणि वर लिहिलं, "दादा, हात मागू नका या वेळी. पोरगी वाट बघतेय."

दोन तासांनी लडकूचं उत्तर आलं, "४.२० ला लय छान. हात मोकळा हाय."

पाच मिनिटांत दीपेशनं लिहिलं, "दादा, ४.२० ला जनरेटर बंद पडलाय. नवरीकडचे चांगोमामा डिझेलला माणूस पाठवतायत. त्यांचा हात मोकळा हाय का?"

खाली हसणारे चेहरे आले. सात जणांचे. मीही एक पाठवला. थोड्या वेळानं पडद्यावर करड्या अक्षरांत दिसलं, की लडकू वेखंडे गटातून बाहेर पडले.

मी ते ध्वनिमुद्रण तोवर ऐकलं नव्हतं. दीपेशनं सांगितलेली जागा तेवढी लावून पाहिली. तीन मिनिटं पन्नास सेकंदांनंतर गिटार नव्हतीच. माणसांचा गलका होता आणि कुणीतरी डबा कुठं आहे म्हणून विचारत होतं.

मी लडकूला दोनदा फोन लावला. तो उचलला गेला नाही. मग मी वही काढली. पहिल्या दोन वर्षांत त्यानं लिहिलेल्या जागा आवाजाच्या होत्या. इथं सूर थरथरतो, इथं तार उशिरा सुटते, असं. गेल्या दोन वर्षांत प्रत्येक ओळीत हात होता, बोट होतं, मनगट होतं. सूर हा शब्द एकदाही नव्हता. माझ्या लक्षात आलं. चार वर्षं वही माझ्याच हातात होती, हे आधी लक्षात यायला हरकत नव्हती.

त्याच पानांवर माझेही आकडे होते. गेल्या ऑगस्टपासून माझ्या सगळ्या जागा दोन आणि तीन मिनिटांच्या मधल्या होत्या. ऑगस्टमध्ये माझी पत्नी गेली. त्यानंतर मी एकही वादन ऐकलेलं नव्हतं. फाइल उघडायचो, किती लांबीची आहे ते बघायचो आणि मधला कुठला तरी आकडा लिहायचो. नियम माझा होता, तो मोडू नये एवढंच वाटत होतं. ते कुणाच्याही लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी किन्हवलीच्या एसटीनं मी शेणव्याला उतरलो. चंदावहिनी ओट्यावर वाल सोलत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"फोन करून काय उपयोग नाय भाऊ," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली. ढोल वाजला तरी मागं बघत नायत."

ठाण्याच्या डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं होतं, ते फळीवर डबीत होतं. ते लावलं की क्रशरमध्ये खडी पडल्यासारखं वाटतं, म्हणून तो लावत नव्हता. ही गोष्ट त्या दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हती. गटाला कळलं तर आपल्याला काढतील असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. बहिऱ्याला गाण्याच्या गटात कोण ठेवील, असं तो म्हणायचा, हे त्यांनी सांगितलं.

लडकू आतून आला. त्यानं मला बसायला खुर्ची दिली. मी मोबाइलवर मराठीत टंकायचो, तो वाचून तोंडानं उत्तर द्यायचा. त्याचा आवाज जरा मोठा होता, बाकी पूर्वीसारखाच.

तो म्हणाला, की हात बघितला की सूर कुठला असणार ते त्याला कळतं, आयुष्यभर तेच केलं. राहिलेलं तो आमच्या ओळींवरून घ्यायचा. आम्ही जो सेकंद लिहू तिथं जाऊन बघायचा.

"तुमचं जास्त बघायचो, भाऊसाहेब," तो म्हणाला. "तुमी टाइम नेमका लिवता. होळीच्या टायमाला तुमी २.४० लिवलेलं. मी चारदा बघितलं. हात नुसता गिटारीवर ठेवलेला. काय करतच नव्हता. म्हटलं, दिसायला नसंल. ऐकायला असंल कायतरी."

मी मोबाइल हातात धरून बसलो. मग टंकलं, "तिथं काही नव्हतं. मी ऐकलंच नव्हतं. ऑगस्टपासूनचे माझे सगळे टाइम खोटे आहेत."

त्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. चंदावहिनींनी चहा आणून ठेवला.

"वहिनी गेल्या तवापासून," तो म्हणाला.

मी मान हलवली. चहा पिऊन झाल्यावर त्यानं कप बाजूला केला.

"त्या पोरीचं ऐकलंत का?"

नाही, म्हणून मी खूण केली.

"मग आता ऐका. आन् लिवा. तिला माझ्या नावानं खोटं गेलंय."

मी इअरफोन लावले. ध्वनिमुद्रण गिटार थांबेपर्यंत तीन मिनिटं पन्नास सेकंदांचं होतं. मी थांबवत थांबवत ऐकत गेलो आणि टंकत गेलो. ०.३५ ला बेंजोच्या पुढं जाते. १.०२ ला पुन्हा घाई. १.५० पासून एकाच तारेवर खाली येते, दोनदा, दुसऱ्यांदा जास्त हळू. २.३१ ला तार ओढून सूर वर नेते, तो थोडा कमी पडतो, मग ती आणखी ओढते आणि तो जागेवर जातो. मला त्यात काही वाटलं असं म्हणता येणार नाही. पण तो सूर कमी पडला होता आणि मग जागेवर गेला होता, एवढं मला ऐकू आलं.

लडकू प्रत्येक ओळ वाचून गुडघ्यावर बोटं तशी ठेवून बघत होता. २.३१ वाचल्यावर त्याची दोन बोटं गुडघ्यावर सरकली आणि तिथंच थांबली.

"कमी पडला, मग ओढला? मागं आली नाय?"

"नाही," मी टंकलं.

"हे खरं ना?"

"खरं."

त्यानं स्वतःचा मोबाइल घेतला आणि दीपेशच्या नंबरवर कुणालीसाठी लिहिलं. त्यातलं पहिलं वाक्य असं होतं, की आधीचं मत धरू नकोस, मला ऐकू येत नाय, हे भाऊसाहेबांनी ऐकून सांगितलेलं हाय. मग दोन्ही घाईच्या जागा सेकंदांसकट लिहिल्या. शेवटी लिहिलं, "सूर कमी पडला तरी तू मागं येत नाय. कल्याणला जा."

गटावर काय सांगायचं ते मी विचारलं. तो म्हणाला, हाय ते सांगा, पण परत घ्या मला. मी तिथंच बसून दोन ओळी लिहिल्या आणि त्याला पुन्हा गटात घेतलं. मग दीपेशचं आलं, "चुकलो दादा." थोड्या वेळानं आणखी एक आलं, "यापुढं आवाज पाठवला तर बघायला हात पण पाठवीन." लडकूनं ते चंदावहिनींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, चुकल्यावर पण गप बसायचा नाय हा. माझ्याविषयी मी गटावर काही लिहिलं नव्हतं. लडकूनंही ते कुणाला सांगितलं नाही.

परतीची एसटी येईपर्यंत तो फाट्यावर माझ्याबरोबर उभा राहिला.

गुरुवारी साडेसहाला त्याचा व्हिडिओ आला. एक म्हातारा वादक, मांडीवर गिटार, मागं कोरी भिंत. या वेळी खाली सेकंद नव्हते. लिहिलं होतं, "टाइम भाऊसाहेबांनी लिवायचा."

व्हिडिओ सहा मिनिटं अकरा सेकंदांचा होता. कचेरीत जायला वेळ होता. मी इअरफोन लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, मग पुन्हा एकदा लावला, आणि लिहिलं, "५.०४. इथं तो थांबतो. तार वाजत राहते."

दोन मिनिटांनी लडकूचं उत्तर आलं, "दिसलं."