नाकमुरड्यांच्या तोंडून कौतुक निसटलं

दागिन्यांच्या त्या दुकानात खड्यांची पारख करणाऱ्या गृहस्थांना सगळे नाकमुरडे म्हणत. ते त्यांचं आडनाव नव्हतं, कमाई होती. व्यापाऱ्याने समोर पुडी सोडली की नाकमुरडे चिमट्याने खडा उचलून आधी खिडकीपाशी नेत, कारण पिवळ्या दिव्याखाली काचसुद्धा माणकाचा तोरा मिरवते. मग डोळ्याला भिंग लावायचं आणि सुरू व्हायचं. ‘‘रंग अंधारा आहे, शाई सांडल्यासारखा.’’ ‘‘पैलू आळसात पाडलेत, मधोमध आरपार दिसतंय.’’ ‘‘वजन राखायला खाली ढेरी ठेवलीय याला.’’

यात खवचटपणा नव्हता, धंदा होता. घेणाऱ्याने वाहवा केली की भाव चढतो, म्हणून खडा जितका मनात भरेल तितकी त्याला नावं ठेवायची. टाकाऊ मालाला मात्र नाकमुरडे ‘‘छान आहे’’ म्हणत आणि पुडी बांधून परत करत. मालकांना ही भाषा पाठ होती. नाकमुरडे दोष काढू लागले की मालक खूश, आणि दोष काढता काढता त्यांनी उसासा टाकला तर खडा कोणत्याही परिस्थितीत सोडायचा नाही.

पन्नाशी उलटली तरी नाकमुरडे एकटेच होते. त्यांच्या ताईने मात्र आशा सोडली नव्हती. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एक बाई तिच्या ओळखीच्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, स्वतःची कार्यशाळा, कुणाचं ऐकून न घेणारा स्वभाव. ताई भावाला धरून त्यांच्याकडे चहाला घेऊन गेली.

बाईंनी दार उघडलं आणि त्या नाकमुरड्यांच्या मनात भरल्या. झालं! जन्माची सवय जिभेवर येऊन बसली.

‘‘खोलीत उजेड कमी आहे,’’ ते म्हणाले.

‘‘पडदा सारते,’’ बाई म्हणाल्या आणि हसल्या.

‘‘हसताना तुमचा डावीकडचा दात जरा पुढे येतो.’’

‘‘तो माझा स्वतःचा आहे,’’ बाईंनी हसू आवरलं. ‘‘विकायचे असतात ते सरळ असतात.’’

ताईने टेबलाखालून लाथ मारली. ती टेबलाच्या पायाला लागली, चहा हिंदकळला. नाकमुरडे थांबायला तयार नव्हते. आवाज चढा आहे, बोलताना हातवारे फार होतात, असं म्हणत शेवटी त्यांनी एक लांबलचक उसासा टाकला. बिस्किटांना तेवढं छान म्हणाले.

रस्त्यावर येताच ताई कडाडली, ‘‘लग्नाचं बोलायला आला होतास की भाव पाडायला?’’

‘‘ताई,’’ नाकमुरडे मधेच उभे राहिले, ‘‘मी उसासा टाकला का गं?’’

‘‘टाकलास! शेजारच्या घरात ऐकू गेला असेल.’’

‘‘मग संपलंच,’’ ते म्हणाले आणि खुळ्यासारखे हसत सुटले. ‘‘मला त्या फार म्हणजे फारच आवडल्या.’’

पण हे बाईंना कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला : तुमच्या भावाला म्हणावं, दुसरीकडे बघा.

नाकमुरड्यांची तहानभूक हरपली. एकदा त्यांनी भिंग उलटं धरलं, एकदा मालकांच्या कोटाच्या बटणाची पारख केली. माफी मागायला जायचं, तोंडभरून कौतुक करायचं, एवढं ठरलं. आरशासमोर सराव सुरू झाला. ‘‘तुम्ही छान आहात.’’ छे, छान तर आपण डागी पुष्कराजाला म्हणतो. ‘‘सुंदर?’’ ते परवाच एका प्लास्टिकच्या माळेला म्हटलेलं. कौतुकाचे सगळे शब्द त्यांनी आयुष्यभर टाकाऊ मालावर उधळले होते, आणि आता खऱ्या गरजेला गाठीशी एकही उरला नव्हता.

अशातच एका दुपारी दुकानात मोठा सौदा चालला होता. व्यापाऱ्याने नीलम आणला होता, आणि तो असा निळा, की मालकांनी उत्साह दिसू नये म्हणून पाठ फिरवून घेतलेली. नाकमुरड्यांनी दोषांचा सपाटा लावला होता, व्यापारी उतरत होता, आणखी एक दोष की काम फत्ते. तेवढ्यात दार ढकलून बाई आत आल्या आणि बोटातली अंगठी काढून त्यांनी नाकमुरड्यांपुढे ठेवली.

‘‘विकायची नाही. यात वाईट काय काय आहे तेवढं सांगा. तुम्हाला तेच दिसतं ना? आत रेघा आहेत, मला नुसत्या डोळ्यांनी दिसतात. खोटं आहे का हे माणिक?’’

नाकमुरड्यांनी अंगठी खिडकीपाशी नेली, भिंगातून पुन्हा पुन्हा पाहिली. ‘‘खरं आहे. रेघा जन्मताना पडलेल्या आहेत. आत अगदीच निर्मळ असतं ना, तर मला आधी शंका आली असती.’’

‘‘दातांचंही तसंच,’’ बाई नकळत बोलून गेल्या. ‘‘सगळे एकसारखे पांढरे दिसले की ओळखावं, कवळी.’’

दोघंही हसले. मग बाईंना आपण रागावून आल्याचं आठवलं. ‘‘मग माझ्यातच तेवढ्या रेघा कशा हो खुपल्या?’’

नाकमुरड्यांनी तोंड उघडलं. शब्द नव्हतेच, तर निवडणार काय!

‘‘अप्रतिम!’’ ते ओरडले. ‘‘असं तेज, असं पाणी मी उभ्या जन्मात पाहिलं नाही! काहीही द्यावं लागलं तरी माझी तयारी आहे!’’

‘‘काहीही?’’ व्यापारी ताडकन उठला आणि त्याने नीलम मुठीत घेतला. ‘‘मघाचा भाव रद्द!’’

‘‘अहो, तो तुमच्या खड्याबद्दल बोलत नाहीये!’’ मालकांनी कपाळावर हात मारला. ‘‘बाई, मी हात जोडतो. या माणसाला आवडलं की तो नावं ठेवतो. रोगच आहे तो. तुमच्याकडून आल्यावर त्याने माझ्या कोटाचं बटण घासून पाहिलं!’’

नाकमुरड्यांचे कान माणकाहून लाल झाले होते.

‘‘म्हणजे त्या दिवशी तुम्ही माझं कौतुक करत होतात?’’

‘‘अखंड.’’

‘‘आणि बिस्किटं?’’

‘‘ती खरंच वाईट होती.’’

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की व्यापाऱ्याची मूठ सुटली. ‘‘अंगठी दाखवायला मी आलेच नव्हते हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इतकं टोचून बोलणारा माणूस डोक्यातून जाईना, म्हणून आले. चला, ताईंना होकार सांगायला तुम्हीच सोबत हवे.’’

मालकांना नीलम वाढीव भावातच घ्यावा लागला. व्यापारी आता एक पैसा उतरायला तयार नव्हता. नाकमुरड्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ते रस्त्यावर होते, आणि तोंड एकदा उघडल्यावर मिटत नव्हतं. विजेचा खांब काय सरळ, समोरची पाटी काय ठळक, पलीकडून येणारी बस काय लाल!

‘‘अहो, बस आहे ती, बाजूला व्हा!’’ बाईंनी त्यांना बाहीला धरून फुटपाथवर ओढलं.

‘‘पकडसुद्धा किती घट्ट!’’ नाकमुरडे म्हणाले.